बापूसाहेबांच्या मोटारीचा कार्बुरेटर

मोटार दुरुस्तीच्या दुकानात बसलं की किस्से जमवावे लागत नाहीत. गिऱ्हाईक मोटार घेऊन जातं, किस्सा ठेवून जातं! वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हा मेहकरला रहीमचाचांचं दुकान होतं. मी त्यांच्या हाताखाली फिटर. जानेफळचे बापूसाहेब आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांची विलायती मोटार जुनी, आणि तिचं सगळं दुखणं कार्बुरेटरमध्ये!

*

मोटारीची टाकी सीटखाली. पेट्रोल आपलं आपण उताराने कार्बुरेटरमध्ये यायचं. एकदा मोताळ्याहून बुलढाण्याला येताना घाटात मोटार बंद. टाकीत पेट्रोल थोडं, त्यात चढ. इंजिन वर, टाकी खाली. पेट्रोल चढणार कसं?

शेजारी बसलेले चाचा म्हणाले, "उलटी फिरवा मालक. रिव्हर्समध्ये चढवा!"

बापूसाहेब मान मागं वळवून पूर्ण घाट उलटे चढले. एका गाडीवानानं बैल थांबवून विचारलं, "मालक, मांगं काऊन पाहून राह्यले?"

"मांगं कोन राह्यलं ते पाहून राह्यलो!"

*

लढाईचे दिवस. पेट्रोल कुपनावर. आणि मोटार भसाभसा पेट्रोल पिऊ लागली. चाचांनी कार्बुरेटर खोलून त्यातला जेट नावाचा पितळी तुकडा उजेडात धरला. पेट्रोल येतं ते बारीक भोक चांगलं रुंद झालेलं!

"मालक, यात काय घातलं?"

"कचरा अडकला होता. दाभण घातलं."

चाचांनी कपाळावर हात मारला. नवा जेट बसवला आणि बजावलं, "तार नाही, सुई नाही. फुंकायचं. नाहीच निघालं, तर केस घालायचा." लगेच स्वतःच्या दाढीचा एक पांढरा केस उपटून दाखवलाही.

बापूसाहेब गंभीरपणे म्हणाले, "चाचा, दोन-चार मले देऊन ठेवा ना!"

*

वैशाखात बापूसाहेब व्याह्यांकडे साखरखेर्ड्याला निघाले. आम्ही दोघं सोबत. इंजिनाच्या तापानं नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली, मोटार थांबली. नळीवर ओलं फडकं हवं. फडकं नव्हतं. बापूसाहेबांनी डोक्याचा फेटा सोडला, नाल्यात बुडवला आणि नळीला गुंडाळला. मोटार सुरू!

पण बापूसाहेब बोडक्या डोक्यानं दारात उतरले, आणि घरातल्या बायांनी गळा काढला. "कोन गेलं हो?"

"कोनी नाही गेलं! मोटारीले ऊन लागलं!"

*

हा किस्सा माझाच. कार्बुरेटरमध्ये एक पितळी पोकळ डबी तरंगते, तिला फ्लोट म्हणतात. तिला भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, डबी बुडते, आणि पेट्रोल बाहेर सांडतं. चाचांनी ती मला कथलाचा डाग देऊन बुजवायला दिली. आतलं पेट्रोल काढायचं मी विसरलो आणि तापलेली डागणी टेकवली. भप्पकन जाळ! दोन्ही भुवया साफ.

चाचांनी स्वतःच्या हातानं लोणी लावलं. रागावले नाहीत. संध्याकाळी बापूसाहेबांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "याच्या भुवया कुठं गेल्या?"

"शिकण्यात गेल्या," चाचा म्हणाले.

*

बापूसाहेबांच्या लेकीचं, गोदूचं लग्न. आम्हा दोघांनाही आमंत्रण. पाठवणीला बापूसाहेबांचीच मोटार सजली, गोदू बसली, मोटार निघाली. वेशीपर्यंत गेली आणि बंद!

"चाचा, पाहा हो!" मागून चालत आलेले बापूसाहेब म्हणाले.

आम्ही दोघं वाकलो. सीटखालची पेट्रोलची पितळी तोटी कोणीतरी बंद केली होती. तिच्यावर ओल्या हळदीचं बोट उमटलेलं. गोदूच्या हाताची हळद अजून ओलीच होती.

मी सोडायला हात घातला, तर चाचांनी माझं मनगट धरलं. फडक्यानं हळद पुसली आणि मोठ्यानं म्हणाले, "कार्बुरेटर खोलावा लागन! अर्धा घंटा!"

नवरदेवाकडचे कुरकुरले. गोदू उतरून चिंचेखाली बसली. लग्नाच्या गडबडीत बापूसाहेबांना लेकीशी चार दिवसांत धड बोलताही आलं नव्हतं. ते जाऊन तिच्याजवळ बसले. काय बोलत होते, ऐकू आलं नाही. मधेच गोदू हसली. मग बापूसाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले. चाचा स्वच्छ कार्बुरेटर पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

शेवटी गोदूच उठली. "बाबा, चला आता."

चाचांनी तोटी सोडली. पहिल्याच हँडलला मोटार सुरू झाली.

बापूसाहेबांनी विचारलं, "काय निघालं, चाचा?"

"कचरा, मालक. निव्वळ कचरा!"