सांगलीच्या संघावर मारलेले दोन गोल

बाळंतपणानंतर आठ महिन्यांनी मी सांगलीच्या मैदानावर परत गेले. अकरा वर्षं तिथल्या हॉकी संघाची सेंटर फॉरवर्ड होते. माझ्या जागी एक कोवळी मुलगी खेळत होती, त्याचं काही वाटलं नाही. प्रशिक्षक मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, चेंडूच्या मागं आता ह्या पळतील. तुमी त्या रांगणाऱ्या पोराच्या मागं पळा." मुली हसल्या. मी स्टिक उचलली आणि पलूसची एसटी धरली. घरी पोचेपर्यंत दात आवळून माझा जबडा दुखायला लागला होता.

पुढच्या हंगामाआधी साताऱ्याच्या संघाच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. पोलिसातून निवृत्त झालेल्या, बोलणं थेट. "माझ्या पोरी लय पळतात, पण गोलासमोर गेल्या की गडबडतात. पुढच्या फळीत दोन जाणत्या बायका पाहिजेत."

"सांगलीशी सामना हाय का?" मी विचारलं.

"पहिलाच."

"मग येते."

दुसरी जाणती मीच सुचवली. म्हसवडची, आमची जुनी लेफ्ट विंगर. तिला सांगलीच्या त्याच प्रशिक्षकाने आदल्या वर्षी मोबाइलवर दोन ओळी पाठवून संघातून काढलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "मला गोल मारायची हौस न्हाई. त्याचं तोंड बघायचंय."

दर रविवारी आम्ही साताऱ्याला जायचो. सासूबाई बाळाला घेऊन झाडाखाली बसायच्या. पहिल्या दिवशी चार फेऱ्या मारून मला उलटी झाली. साताऱ्याच्या मुली आम्हाला मावशी म्हणायच्या. त्यांच्याइतकं पळणं आम्हाला जमणार नव्हतं. कधी थांबायचं ते मात्र आम्हाला कळत होतं, आणि तेच त्यांना शिकवलं.

सामन्यात मध्यंतराला आम्ही एका गोलाने मागे होतो. सांगलीची गोलकीपर माझ्याच हाताखाली तयार झालेली. घाईने डावीकडे झोकून देण्याची तिची खोड मला ठाऊक होती. विंगरने कडेवरून पास दिला. मी मारायचा आव आणला, श्वासभर थांबले. गोलकीपर डावीकडे पडली. मी तिच्यावरून चेंडू जाळीत टाकला.

सगळ्या माझ्याकडे धावल्या. मी सांगलीच्या बाकाकडे गेले आणि प्रशिक्षकांसमोर उभी राहिले. पंचांनी हिरवं कार्ड दाखवलं. दोन मिनिटं बाहेर बसले, मजेत बसले. शेवटी पेनल्टी कॉर्नरवर गोलकीपरच्या पॅडवरून उसळलेला चेंडू विंगरने आत ढकलला आणि आम्ही जिंकलो. तिने सांगलीच्या बाकाकडे वळून पोटभर बघून घेतलं.

सामना संपल्यावर सांगलीचे प्रशिक्षक हात पुढे करून आले. "खेळलात हं."

मी स्टिकची ग्रिप दोन्ही हातांनी गुंडाळत राहिले. त्यांचा हात तसाच राहिला. मग ते वळले आणि गोलकीपरला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. ती पॅड न काढता रडत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "साताऱ्याला ये," म्हटलं.

पुढच्या हंगामात ती आली. माझं मन मोठं झालं म्हणून तिला बोलावलं असं कोणी समजू नये. ती चांगली होती, आणि ती गेल्यावर सांगलीकडे दुसरी गोलकीपर नव्हती. तिला परत पाठवा म्हणून त्या प्रशिक्षकांचा मला दोनदा निरोप आला. मी उत्तर दिलं नाही.