मेघालयातला चिखल

आमच्या करी रोडच्या टॉवरमध्ये एक गृहस्थ आहेत. गेल्या वर्षी ते मेघालयात, जंगलातून डोंगर पळत चढायच्या शर्यतीला जाऊन आले. तेव्हाचा चिखल त्यांनी बुटांवर वर्षभर जपला होता. लिफ्टमध्ये कुणी सापडलं की सुरू होतात, "चुनखडीचे डोंगर हो! ओला दगड म्हणजे नुसता साबण. पाय आडवा टाकायचा." एवढं सांगून दुसऱ्या मजल्यावर उतरतात. जिना सिमेंटचा, गुडघ्यांना वाईट, असं त्यांचं म्हणणं.

परवा लिफ्ट बंद होती आणि आठव्या मजल्यावरच्या मालवणी काकू पायाला प्लास्टर घालून घरी आल्या. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. त्याआधी गृहस्थांनी बूट काढून गळ्यात अडकवले. सिमेंटवर चिखल झडला असता ना! मग प्रत्येक वळणावर मला दरडावणं, "पाय आडवा!" मी वैतागून आडवा टाकत गेलो. खुर्ची जराही कलली नाही, हे मात्र खरं.

काकू भारावल्या. "मेल्या, माझ्यासाठी बूट केवढे मळवलेस रे!" आमचा चहा पिऊन होईपर्यंत त्यांच्या सुनेने ते घासून लख्ख करून आणले.

गृहस्थ बराच वेळ बुटांकडे बघत राहिले. मग ते पायात चढवून सिमेंटच्या जिन्याने धडाधड पळत खाली गेले.

त्यांना पळताना मी पाहिलं ते तेवढंच.