ह्यांचा अंगठा

आमच्या ह्यांचं नाव उत्तम. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणी डोळे वटारू नका. भाईंदर पूर्वेत अख्खं जग त्यांना 'उत्तमभाई इलेक्ट्रिकवाले' म्हणतं, मग मीच काय घोडं मारलंय?

स्टेशनपासून दोन गल्ल्या आत त्यांचं दुकान. दुकान कसलं, फडताळच. एक माणूस आत शिरला की दुसऱ्यानं रस्त्यावरून बोलायचं. माल एकाच जातीचा, जुन्या गाड्यांना चालू करणारा. चावी फिरवली की आत ठिणगी पडते ना, ती पाडणारं सामान. कॉईल, प्लग, वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप. ही कॅप म्हणजे वाटीएवढी काळी टोपी. ठिणगी तिच्यातून एकेका प्लगला वाटली जाते. टोपीला तडा गेला की गाडी धावता धावता मरते. मला एवढंच कळतं, आणि पुढचं समजायला तेवढं पुरे.

नव्या गाड्यांत ही टोपी नसतेच म्हणे. म्हणून कंपन्यांनी बनवणं सोडलं आणि बाजारात नकली मालाचा सुळसुळाट झाला. खोका अस्सल, शिक्का अस्सल, आत भलतंच. पण आमच्या ह्यांना ओळखता यायचं, तेही अंगठ्यानं. टोपी उपडी धरायची आणि अंगठा आत घालून एक फेरी मारायची. आत काळ्यावर काळं, डोळ्याला काही दिसत नाही. साच्याचा सांधा बोटाला लागला की नकली. मधोमध कोळशाचं बारीक बटण असतं, ते दाबायचं. हलकेच वर आलं तर खरं, अडकलं तर खोटं. तोंडानं गिऱ्हाइकाशी गप्पा चालल्यात, नजर रस्त्यावर, आणि अंगठा आपला आत फिरतोय. मग एकदम, "ये नहीं चलेगा." टोपी बाजूला.

आणि चालणारी मिळाली की खोका गिऱ्हाइकासमोर टराटरा फाडायचा. मी शंभरदा ओरडले असेन, "अहो, अख्खे खोके रद्दीवाला घेतो. फाडलेले कोण घेणार?"

"म्हणूनच फाडतो ना," ते म्हणायचे. "रिकामा खोका बाहेर गेला की त्यात नकली भरून परत येतो. माझ्या दुकानातून खोका जिवंत बाहेर जाणार नाही."

बायकोची साडी फाटली तर लक्ष नाही, खोका मात्र न चुकता फाडणार! असा माणूस. पण लोक काशीमिऱ्यावरून, पार वसईवरून यायचे. उत्तमभाईंनी हातात दिलं म्हणजे डोळे मिटून लावायचं.

साखर त्यांच्या अंगात कधी शिरली कोणास ठाऊक. टपरीवरचा चहा, त्यात वर आणखी साखर, आणि मी बोलले की "तुझ्या हातचा कडू लागतो." घ्या! एकदा सकाळी मी भाजी चिरत होते आणि करपल्याचा वास आला. म्हटलं दूध लागलं. वळून बघते तर दुधाचं पातेलं ह्यांच्या हातात, चिमटा नाही, फडकं नाही, आणि हे खिडकीतून खाली कोणाशी तरी बोलतायत.

"अहो, हात!"

"काय झालं हाताला?" म्हणाले.

अंगठ्याची कातडी पातेल्याला चिकटली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. मला तिथंच रडू फुटलं. ते मलाच समजावत होते की लक्ष नव्हतं गं.

डॉक्टरांनी दोन्ही हातांना टाचणी टोचून बघितली. हे टाचणीकडे बघून 'लागली' म्हणायचे. मग त्यांनी डोळे मिटायला सांगितले, तेव्हा हे गप्प बसले. बोटांच्या नसा साखरेनं खाल्ल्यात, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना रिक्षात हे मला म्हणतात, "दुकानात कोणाला बोलू नकोस हं."

मी भडकले. "मग काय, देवाला कौल लावून टोप्या विकणार?"

"मला दुसरं येतं काय, गिरिजा?"

आमचं शांती नगर येईपर्यंत मी डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या घड्या घालत बसले.

त्यानंतर ते टोपी हातात जास्त वेळ धरायला लागले. अंगठा आत दोनदा फिरायचा, तीनदा फिरायचा. कपाळावर आठी. लोकांना वाटायचं, म्हातारा जास्तच चिकित्सक झालाय.

त्याच दिवसांत संघप्रिया आली. ही धम्मपालभाऊंची मुलगी. धम्मपालभाऊ म्हणजे ह्यांचे जुने गिऱ्हाईक, पुढे सख्ख्या भावासारखे झाले, आणि दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची पांढरी मारुती एट हंड्रेड आता मुलगी चालवते. हौस म्हणून नाही. तिची आई, चंपाबाई, एक दिवसाआड डायलिसिसला जाते. चंपावहिनींचे गुडघे वाकत नाहीत. धम्मपालभाऊंनी बायकोसाठी पुढची सीट खास मागे सरकवून घेतली होती, तिथं त्या पाय लांब करून बसतात. टॅक्सीवाले व्हीलचेअर बघून निघून जातात आणि रिक्षात त्या मावत नाहीत. म्हणजे ती गाडी चालली तर वहिनी चालल्या, असा हिशोब.

ह्यांनी संघप्रियाला टोपी दिली. अंगठा फिरवला, बटण दाबलं, खोका फाडला. सगळं रीतसर.

आठवड्याच्या आत ती गाडी काशीमिऱ्याच्या पुलावर मेली. भर दुपार, मागून ट्रक, आत चंपावहिनी. ढकलून बाजूला घ्यायला माणसं मिळेपर्यंत त्यांना धाप लागली. डायलिसिस चुकलं, छातीत पाणी झालं, आणि तीन रात्री त्यांनी ऑक्सिजनवर काढल्या. वाचल्या, नशीब.

संघप्रिया दुकानात आली तेव्हा मी डबा घेऊन तिथंच होते. तिनं रुमालातून टोपी काढून काउंटरवर ठेवली. मधून तडकलेली. भांडली असती तर बरं झालं असतं, मी पण भांडायला मोकळी! पण ती एवढंच म्हणाली, "काका, तुमच्याकडून आणली होती ना, म्हणून मेकॅनिकला म्हटलं तपासू नकोस, डायरेक्ट लाव."

ह्यांनी टोपीत अंगठा घातला. फिरवला. परत फिरवला. मग टोपी माझ्याकडे सरकवली. मी बोट घातलं तर आत कंगोरा, सुपारी फोडल्यावर असतो तसा. लहान पोरालाही कळला असता.

"उद्या आईला घेऊन जायचं तर शेजारच्यांची गाडी मिळालीय," संघप्रिया म्हणाली. "पण रोज कोण देणार? काका, एक खरी टोपी मिळेल का कुठं? नाहीतर मला सरळ सांगा, मी गाडी विकते. मग आईचं काय करायचं ते बघू."

"मिळेल," हे म्हणाले. "मी आणून देतो."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मुंबईच्या बाजाराला निघाले, आणि मला म्हणाले, चल. लग्न झाल्यापासून कधी बाजाराला नेलं नाही ह्या माणसानं, आणि आता न्यायचं कारण काय, तर माझी बोटं. मी गेले. दुकानामागून दुकान. जो तो खोका पुढे करतोय, "ओरिजिनल है, चाचा, आँख बंद करके ले जाओ." हे टोपी माझ्या हातात देऊन कानाशी विचारायचे, "सांधा लागतो का? नीट बघ. बटण वर येतं का?" मी बावचळून जायचे. एक टोपी मला गुळगुळीत वाटली, पण मला काय कळतंय? खरी कशी लागते तेच ठाऊक नाही, तर खोटी कुठून ओळखू!

शेवटी एका दुकानात त्यांनी टोपी माझ्याकडून घेतली, इकडे तिकडे बघितलं आणि तिची कड ओठांवरून फिरवली. ओठांना अजून कळत होतं ना. काउंटरवरचा माणूस खो खो हसला. "चाचा, खाने का है क्या?"

मी त्याला असा फाडला, असा फाडला की बाजूची दोन दुकानं बघायला आली. हे मात्र टोपी खाली ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. जिथं गेलं की लोक उठून खुर्ची द्यायचे, त्या बाजारात.

घरी आलो, दोघंही जेवलो नाही. सकाळी त्यांनाच आठवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! दुकान टाकण्याआधी परळच्या गॅरेजात ह्यांच्या शेजारी काम केलेले सीतारामभाऊ रिटायर होऊन डोंगरीला, आपल्या गावी राहतात, आणि त्यांच्याकडे तसलीच जुनी गाडी आहे. बस पकडून गेलो. अंगणात चिंचेखाली लाल एट हंड्रेड उभी, चाकं मातीत रुतलेली, पण काच अशी पुसलेली की भांग पाडावा.

"चालू न्हाय, पण हाय," सीतारामभाऊ हसत म्हणाले. "पोरगा बोलतो भंगारात टाक. मी सकाळचा तिच्यात बसून पेपर वाचतो."

ह्यांनी चंपावहिनींची हकीकत सांगितली. स्वतःच्या बोटांचं काही बोलले नाहीत. सीतारामभाऊ ऐकत राहिले, मग उठले, बॉनेट उघडलं आणि क्लिपा काढून टोपी बाहेर घेतली. धोतरानं पुसली. "घे. गाडी नवीन घेतली तवाची हाय. तरी तू बघ एकदा हात घालून, उत्तम. तुझ्यासारखं कोण बघनार?"

ह्यांनी टोपी घेतली आणि अंगठा न घालताच माझ्याकडे दिली.

सीतारामभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्या हाताकडे, त्या भाजलेल्या अंगठ्याकडे. मग खाली बसले. "कवापासून?" एवढंच विचारलं. ह्यांनी अंगठा मुठीत मिटला.

मी अंगठा आत घातला. कुठं म्हणून अडला नाही. बटण दाबलं, ते हलकेच वर आलं, झोपेतून उठवलेल्या बाळाच्या मुठीसारखं.

"खरी अशी लागते," हे मला म्हणाले. "लक्षात ठेव."

निघताना मी मागे वळून बघितलं. सीतारामभाऊ उघड्या बॉनेटपाशीच उभे होते. त्यांची गाडी आता खरंच कधी चालू होणार नव्हती, आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी संघप्रियाला दुकानात बोलावून टोपी दिली. फाडायला ह्या वेळी खोका नव्हता. "पोरी, ही खरी आहे," म्हणाले, "पण मी सांगतो म्हणून नाही. तुझ्या काकूनं बघितलीय. माझी बोटं गेली. मागच्या वेळीच गेली होती, मी बोललो नाही. तुझ्या आईच्या जिवावर बेतलं."

संघप्रियानं टोपी रुमालात गुंडाळली. मग डोळे पुसून म्हणाली, "आधी सांगायचं ना, काका." त्यात राग होता. असायलाच हवा होता. मला उलट हायसं वाटलं.

"उद्या मी येतो गाडीतून," हे म्हणाले. "पुलापर्यंत तरी."

दुसऱ्या दिवशी गाडी एका चावीत चालू झाली. चंपावहिनी पुढे पाय लांब करून, आम्ही दोघं मागे. दुकानाची किल्ली ह्यांनी सकाळीच माझ्याकडे दिली होती. "माल परत करून टाकू, उरलेला मोडून टाकू. विकायचा नाही," म्हणाले होते. मी "बरं" म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता.

हे डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. काशीमिऱ्याचा पूल दिसायला लागला, तशी त्यांची मान ताठ झाली. कपाळावर घाम. गाडी चढाला लागली. मागून ट्रकचा हॉर्न.

"गिरिजा," ते हळूच म्हणाले, "हात धर गं जरा माझा."

"अहो," मी म्हटलं, "मगाचपासून धरलाय की."

त्यांनी डोळे उघडून खाली बघितलं. माझी पाचही बोटं त्यांच्या बोटांत अडकवलेली होती, घट्ट, घरापासून. मग मी माझा हात सोडवला आणि त्यांच्या गालाला लावला. तिथं त्यांना कळलं.

गाडी पूल उतरली. संघप्रियानं आरशात एकदा आमच्याकडे बघितलं आणि गिअर बदलला, वहिनींना पोचायला उशीर होत होता.