आईच्या अंगठ्याचा जांभळा रंग

डॉक्टरांनी आईच्या पायाचा अंगठा दाबला. जांभळा रंग गेला, बोट पांढरं पडलं. सोडल्यावर जांभळा हळूहळू परत आला.

"हा रंग बाहेरून लागलेला नाही," त्या म्हणाल्या. "रक्त पातळ करणारी गोळी सुरू होऊन किती दिवस झाले?"

आठवडाभर आम्ही तो अंगठा रंग काढायच्या थिनरने पुसत होतो.

आई पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. जमिनीवर बसून मूर्तींजवळचे मोर रंगवायचे, त्यामुळे पायावर निळे-जांभळे डाग नेहमीचेच. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली (याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात), तेव्हा रोह्याच्या याच डॉक्टरांनी वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने अंगठा ठणकू लागला.

"काय गो, मोर रंगवतेस का पाय?" शेजारी बसणाऱ्या कमलमावशीने विचारलं.

"पाय बी रंगवते. विसर्जनाला मला बी न्या," आई म्हणाली. सगळा कारखाना हसला. मीही हसलो.

मग आईला चप्पल घालवेना. मी मोजा काढला तर दुसऱ्या पायाची करंगळीही जांभळी, आणि त्या पायाला तर रंग लागलाच नव्हता, असं आईच म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही. रोह्याला जायला रिक्षा केली. गडब मागे पडलं, नागोठणे गेलं, आई एकच विचारत होती, "बोट कापतील काय रं?"

अंगठा दाबून झाल्यावर डॉक्टरांनी घोट्याजवळ नाडी शोधली. दोन्ही पायांत लागली, म्हणजे मोठी धमनी बंद नव्हती. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, तिनेही तेच सांगितलं. सांध्यात रक्त उतरलेलं नव्हतं. युरिक ॲसिड वाढून सांधा सुजतो तो गाउट असेल म्हणून तेही तपासलं; ते ठीक होतं. जखम नाही, पू नाही.

उरलं ते पर्पल टो सिंड्रोम, म्हणजे पायाची बोटं जांभळी पडण्याचा विकार. वॉर्फरिन घेणाऱ्या फार थोड्या लोकांना होतं. धमनीच्या आतल्या थरातून कोलेस्टेरॉलचे बारीक कण सुटतात आणि बोटांच्या केसासारख्या नळ्यांत अडकतात.

"हे कण किडनीतही जाऊ शकतात. तपासावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

वॉर्फरिन थांबवलं. पण रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आयएनआरचा आकडा खाली आल्याशिवाय दुसरी गोळी देता येत नव्हती. चालू ठेवली तर बोट जाईल, नुसती बंद केली तर गुठळी फुप्फुसात जाईल. त्या मधल्या दिवसांत आई खोकली तरी मी दवाखान्याच्या बाकावरून उठत होतो.

मला राग आला होता. "बोट निळं पडलं तर या, एवढं आधी का नाही सांगितलंत?"

"रक्तस्रावाबद्दल सांगितलं होतं. हे क्वचित होतं म्हणून राहिलं," त्या म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

गोळ्यांच्या पाकिटात घडी घातलेला इंग्रजी कागद असतो. मोर रंगवणाऱ्या बाईने तो वाचावा अशी कोणाची अपेक्षा आहे? जी गोळी जीव वाचवते तिचे धोके आपल्या भाषेत समजून घेणं हा आपला हक्क आहे. मागा. अशी गोळी चालू असताना बोट दुखलं, रंग बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी सोडू नका आणि दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेऊ नका. तिने रक्तस्राव होऊ शकतो.

किडनीचा रिपोर्ट चांगला आला. नवी गोळी सुरू झाली. रंग उतरायला बरेच आठवडे लागले, पण बोट राहिलं. त्या डॉक्टरांचे आभार मानतो. चूक कबूल करणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

परवा कारखान्यात आईला आणायला गेलो. तिच्या अंगठ्यावर जांभळं दिसलं. खाली बसून दाबलं. रंग हलला नाही. पुन्हा दाबलं.

"अगो, लेक पाया पडतोय तुझ्या," कमलमावशी म्हणाली आणि थिनरचा बोळा पुढे केला.

मी पुसलं. बोळा जांभळा झाला. खालचं बोट गुलाबी होतं.

"मोराचा हाय रे," आई म्हणाली. "ऊठ आता."

मी दुसऱ्या पायाची करंगळीही दाबून पाहिली, मग उठलो.