बेटावरच्या झऱ्यातले तेल

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे लिहिताना हात अडखळणार नाही.

कोबे बंदरातल्या एका कापूस-व्यापाऱ्याने मध्यप्रांत-वऱ्हाडातून आम्हा दोघांना जपान पाहायला बोलावले होते. कापसाची प्रत ठरवणारा मी, आणि आमच्या खामगावच्या जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, मिस्त्री कासमभाई. कोबेहून एका लहान आगबोटीने आम्ही बेटाबेटांतून हिंडत होतो. चौथ्या दिवशी सकाळी धुक्यातून एक हिरवा डोंगर वर आला. त्याच्या अंगातून ठिकठिकाणी वाफ निघत होती.

"भाऊ, डोंगराले ताप आलेला दिसते," कासमभाई म्हणाला.

धक्क्यावर उतरताच लोणारच्या सरोवराकाठी येतो तसा उग्र वास आला. गल्ल्या अरुंद पण लखलखीत. बायका गेता (लाकडी खडावा) वाजवत चालल्या होत्या. एका घरापुढे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर रताळी उकडत ठेवली होती. मीठ लावून आम्ही ती उभ्यानेच खाल्ली. इतक्या दूर ओळखीची चव जिभेला लागली आणि मन सैल झाले.

दुपारी ओन्सेन (गरम झऱ्याचे स्नानगृह) पाहायला गेलो. आमचा दुभाषा पूर्वी मुंबईत कारकून होता. त्याने हिंदुस्थानीत बजावले, "पहले बाहर बदन धोना, फिर हौज में उतरना." मी अंग धुतले, अगदी स्वच्छ धुतले. पण गरम पाण्याने न्हायचे तर आधी तेल चोळायचे, ही आमच्या घरची रीत. त्यात समुद्राच्या वाऱ्याने कातडी तडतडत होती. मी पिशवीतून तिळाच्या तेलाची बाटली काढली, डोक्यापासून पायापर्यंत चोळले आणि हौदात उतरलो. फार सुख वाटले. डोळे उघडले तेव्हा पाण्यावर सगळीकडे तेलाची चकाकी पसरली होती.

मी घाबरून बाहेर आलो, घाईघाईने अंग पुसून कपडे चढवले. कासमभाई अजून हौदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पाण्यात होता, लुंगी नेसून. उघड्याने न्हाण्याची त्याला लाज वाटे. तेवढ्यात स्नानगृहाची मालकीण आली. तिने पाणी पाहिले, लुंगी पाहिली आणि कपाळाला हात लावला. संध्याकाळी गावातले कोळी न्हायला येणार; त्याआधी सगळा हौद उपसून घासावा लागणार होता. दुभाष्याने कासमभाईला जाब विचारला. तो माझ्याकडे एकदा पाहून गप्प राहिला. मीही गप्प राहिलो.

"कल ये जहाज पर ही रहेंगे," कासमभाईकडे बोट दाखवून दुभाषा मला म्हणाला.

उद्या ज्या बेटावर जायचे होते तिथे सुताची गिरणी होती. आपण सरकी काढून दिलेल्या कापसाचे पुढे काय होते, एवढेच पाहायला कासमभाई समुद्र ओलांडून आला होता.

नंतर आम्हाला टेकडीवरचे देऊळ दाखवायला नेले. त्यातले मला फारसे आठवत नाही. पायऱ्या चढताना कासमभाई म्हणाला, "तुमी पाह्यून या गिरणी. मले सांगजा सारं, चाकं किती अन् कशी."

मला पुढची पायरी चढवेना. दुभाष्याला थांबवून म्हणालो, "तेल मैंने लगाया था."

मग आम्ही तिघेही माघारी फिरलो. मालकिणीने दुभाष्याचे ऐकून घेतले, मी वाकून नमस्कार केला तेव्हा माझ्या तेलकट केसांकडे पाहिले, आणि तोंडापुढे बाही धरून हसू लागली. हसता हसताच तिने माझ्या हातात घासणी दिली. मी धोतर खोचून रिकाम्या हौदाचे दगड घासू लागलो. कासमभाई काठावर बसला.

"त्या कोपऱ्यात राह्यलं हो भाऊ."

"कासमभाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव. तेलघाणीच्या बाजूले घर आहे माह्यं. तिळाचा वास मले कळत नाही का?"

"मग बोललात का नाही?"

"तुमी बोलता का, ते पाह्यत होतो."

हौदात पुन्हा झऱ्याचे पाणी सोडले तेव्हा दुभाषा म्हणाला, उद्या दोघांनीही गिरणीत यायचे. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे झाले. धक्क्याकडे उतरताना मी उगाचच भरभर चालत होतो.

बोट सुटली. मालकिणीपुढे वाकणे सोपे गेले होते. तिथे शब्द दुभाष्याचे होते. इथे माझेच लागणार होते. कासमभाई कठड्याशी उभा होता. मी जवळ गेलो, डोक्यावरची टोपी काढली.

"कासमभाई, तुमच्यावर आळ आला आणि मी ऐकत उभा राहिलो. तेल लावलं त्याहून ते वाईट झालं. मला माफ करा."