आरशासमोरची मधली जागा

एप्रिल सरता सरता नदीवरचा बर्फ फुटून वाहायला लागला, की आमच्या सरकारी बॅले अकादमीत परीक्षा तोंडावर आल्या असं समजावं. त्या दिवसापासून रिम्मा सावेल्येव्हना एका ठिकाणी म्हणून ठरायची नाही. जिने चढायची, उतरायची. वर्गाच्या लाकडी जमिनीवर पाणी शिंपडून झालेलं असलं, तरी कोरड्या लाकडावर पाय घसरतील म्हणून पुन्हा झारी घेऊन फिरायची. आणि वर मलाच म्हणायची, "इनेसा, तू फार हळू वाजवतेस." तिच्या केसांत एकही पांढरा नव्हता तेव्हापासून मी तिच्या वर्गाला पियानोची साथ करते आहे. माझा वेग तोच आहे. दम नसतो तो तिला.

रिम्मा याच शाळेत शिकली आणि याच शहराच्या नाट्यगृहात गुडघा जाईपर्यंत मागच्या रांगेत नाचली. तिचा नवरा नदीवरच्या बोटीवर मेकॅनिक होता. हिवाळ्यात घरी आला की हिच्या येरझाऱ्या बघून म्हणायचा, "बोटीवर बरं होतं. तिथे निदान रात्री नांगर टाकतात." ती हसायची आणि चालत राहायची. मूलबाळ झालं नाही. वर्गातल्या मुलींवर मात्र ती अशी खेकसायची, की सख्ख्या आईलासुद्धा तेवढा हक्क नसावा.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे सरावाला भिंतीलगतच्या दांड्याला धरून कोणी कुठे उभं राहायचं हे बाई ठरवतात. आरशाच्या समोरच्या भिंतीवरच्या दांड्याची मधली जागा वर्गातल्या सगळ्यांत चांगल्या मुलीची. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या खालोखालच्या. आणि दाराजवळचा, माझ्या पियानोला लागून असलेला दांडा उरल्यासुरल्यांचा. परीक्षक मंडळीही कधीकाळी याच दांड्यांना लोंबकळलेली. ती आरशाखाली येऊन बसली की नजर आपोआप मध्ये जाते. दाराकडे वळेपर्यंत त्यांना चहा आठवायला लागलेला असतो.

मध्ये मिलेना होती, पहिल्या वर्षापासून. शांत मुलगी. पाय उचलला की तो वर जातोय हे कळायचं नाही, गेलेलाच दिसायचा. दाराशी ग्लाशा होती. नदीच्या वरच्या अंगाला लाकूडतोड्यांची वस्ती आहे, तिथली. वसतिगृहात राहायची. त्या हिवाळ्यात ती अशी काही उंच झाली, की तिचे पाय तिला न विचारताच कुठेतरी जायचे. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला मुली 'चाळण' म्हणतात, कारण जी पडली ती शाळेतूनच जाते. या वेळी ग्लाशा पडणार हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"वर्षभरात पाय ताब्यात येतील तिच्या," रिम्मा खिडकीपासून कपाटापर्यंत जाता जाता म्हणाली. "अशी लांब मुलगी पुन्हा मिळायची नाही आपल्याला."

"मग परीक्षक मंडळाला सांग तसं," मी म्हटलं.

"मंडळ ऐकत नाही गं. मंडळ बघतं."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पहिला सूर लावणार तोच ती म्हणाली, "थांब. ग्लाशा, मध्ये ये. मिलेना, दाराशी."

आमच्याकडे मुली कारण विचारत नाहीत. ग्लाशा कानापर्यंत लाल झाली आणि चालत मध्ये गेली. मिलेना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने दांड्यावर हात ठेवला. मी वाजवायला लागले, पण माझं लक्ष उडालं होतं.

वर्ग सुटल्यावर मी रिम्माला जिन्यात गाठलं. "त्या पोरीला काही सांगितलंस का?"

"काय सांगायचं? मिलेनाला छताला टांगली तरी ती पाचपैकी पाच गुण घेऊन खाली येईल."

"तिला माहीत आहे का ते?"

"सांगितलं तर जेवणाच्या वेळेपर्यंत अख्ख्या वसतिगृहाला कळेल. मग ग्लाशालाही कळेल की तिला मध्ये नुसती मांडून ठेवली आहे. मग ती उभी तरी राहील का? इनेसा, तू पियानो वाजव."

असा राग आला मला! पण बोलणं खोटंही नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी रिम्माने मन शांत करायला व्हॅलेरियनचे थेंब घेतले, मलाही पाजले, आणि माझ्या पाठीमागे उभी राहून माझ्याच खांद्यात बोटं रुतवत राहिली. मंडळ आलं, बसलं आणि मध्ये बघायला लागलं.

मध्ये ग्लाशा होती, आणि ती ग्लाशा मी कधी पाहिलेली नव्हती. मान लांब, खांदे खाली. संथ चालीत तिचा पाय वर गेला आणि तिने सांगितलं तितका वेळ वर राहिला. परीक्षकांतल्या एका बाईंनी शेजारणीला कोपर मारलं. रिम्माचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता.

मिलेना माझ्या हाताच्या अंतरावर होती. तिने दांडा असा आवळून धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिने मंडळाकडे एकदाही पाहिलं नाही. ती स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. दांडा सोडून मुली खोलीच्या मध्यभागी आल्या, तेव्हा रिम्माने तिला मागच्या रांगेत ठेवलं होतं. गिरकीला मी चाल जरा धरून ठेवली, तिला वेळ मिळावा म्हणून. तरी ती कलली, आणि आमची जमीन आरशाकडे उतरती असल्यामुळे दोन पावलं पुढे घसरत गेली. पुढच्या गिरकीलाही तेच झालं.

ग्लाशा राहिली. चार गुण मिळाले. मिलेनाला तीन मिळाले, जेमतेम. निघताना मंडळाच्या प्रमुखांनी रिम्माच्या पाठीवर हात ठेवला. "दाराशी होती ती, सुरुवातीला चमकली होती नाही? ओसरली बहुतेक. या वयात होतं असं. तुम्ही वेळेवर ओळखलंत."

रिम्मा जवळजवळ धावतच बाहेर गेली. मी स्वरलिपीचे कागद कसेबसे छातीशी धरून तिच्या मागे. मिलेना कॉरिडॉरमध्ये कपड्यांच्या खुंट्यांपाशी उभी होती. आम्हाला बघून तिने, मोठं माणूस दिसलं की आमच्या मुली करतात तसा, एक पाय मागे घेऊन गुडघा वाकवला.

"मिलेना, ऐक. मी तुला खाली उतरवलं नव्हतं. ग्लाशा जाऊ नये म्हणून केलं मी ते. तू कुठेही उभी राहिलीस तरी तूच पहिली, असं मला वाटलं."

"मला वाटलं तुम्हाला माझ्यात काहीतरी दिसलं," मिलेना म्हणाली. "मी रात्रभर शोधत होते."

"काय शोधत होतीस?"

"काय बिघडलंय ते. आधी गुडघे बघितले. मग पाठ."

"काही बिघडलं नव्हतं गं, बाळा!"

"आता बिघडलंय."

रिम्माने तिचे दोन्ही खांदे धरले. "सप्टेंबरमध्ये तू परत मध्ये. आजच सांगते सगळ्यांना. आत्ताच सांगते."

"नको," मिलेना घाईघाईने म्हणाली. "ग्लाशाला तिथून हलवू नका. आपण खरंच मध्ये पोचलो असं वाटतंय तिला. हलवलंत तर तीपण शोधत बसेल."

"मग तू?"

"मी राहते दाराशी. मला आता कारण माहीत आहे."

तिने रीतीप्रमाणे पुन्हा गुडघा वाकवला आणि कपडे बदलायला गेली. रिम्माने माझा दंड घट्ट धरला. ती रडत होती. मला तिचा संताप आला होता, तरी मी हात सोडवून घेतला नाही.