कुंदाताईंनी मागितलेली माफी

कुंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या घाटकोपरच्या आपल्या केंद्रात फरशीवर बसून एका आजोबांच्या चपलेचा पट्टा शिवत होत्या. फिजिओथेरपीची नवीकोरी पदवी घेऊन मी नोकरी मागायला गेले होते. पाच मिनिटं त्यांनी मान वर केली नाही. मग विचारलं, "इथे का यायचंय?"

"लोकांची सेवा करायची आहे," मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"कुठल्या लोकांची?"

मी पदवीचा कागद पुढे केला. दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या, "सुचलं की सांग. उद्यापासून ये. आठला."

दुसऱ्या दिवशी मी पावणेआठलाच हजर होते. ताई साडेनऊला आल्या. वाटेत एका पेशंटच्या घरी डोकावल्या होत्या म्हणे.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'कटू आठवणी टाळाव्यात' असं सुचवलं आहे. मंडळाविषयी मला आदर आहे. पण ताईंच्या हाताखाली सहा वर्षं काढलेल्या माणसाने वैताग वगळून लिहायचं ठरवलं, तर लेख दोन ओळींत आटपेल.

अर्धांगवायू झालेल्या माणसांना पुन्हा उठतं, बसतं, चालतं करण्यासाठी ताईंनी हे केंद्र उभारलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक आरसा, लाकडी दांड्या आणि कायम कुणाला तरी दिलेली चाकाची खुर्ची, एवढाच पसारा. ती खुर्ची कुणाकडे आहे, हे फक्त ताईंना ठाऊक असे, आणि त्याही बऱ्याचदा विसरत. फोन करून करून शोध घ्यायचं काम माझं. मी वही केली, तर ताईंनी तिच्या मागच्या पानावर एका आजींकडून ऐकलेली सोलकढीची कृती लिहून ठेवली. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. एका गृहस्थांना मी दोन महिन्यांत काठीशिवाय चालायला लावलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "त्यांची डावी चप्पल झिजतेय बघ एका बाजूने." बस्स. त्यावर दुसरं अक्षर नाही.

माझे आईवडील परभणीकडून चेंबूरला आलेले. आमच्या घरातली, आमच्या गल्लीतलीही, मी पहिली पदवीधर. "प्रज्ञा, शिकलीस, आता समाजासाठी काहीतरी कर," हे मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते ओझं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पेशंट बरा झाला की मला वाटे, थोडं केलं. बरा झाला नाही, किंवा बरा होऊनही दोन गोड शब्द न बोलता निघून गेला, की मी घरी जाऊन जेवत नसे. तिसऱ्या वर्षी माझं मन या कामातून पार उडालं. सकाळी केंद्राचं दार उघडण्याआधी मी गल्लीला दोन फेऱ्या मारी. शेवटी मी राजीनामा लिहिला.

ताईंनी तो शांतपणे वाचला. लाल पेन काढलं. 'उर्जा'चा 'उ' दीर्घ केला आणि कागद परत दिला.

"तारीख राहिली."

"ताई, तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

"काय म्हणू? दमलीस, जातेस. एक नवीन पेशंट आलीय, ट्रॉम्बेची. तिचा महिना पुरा कर आणि जा."

तीन वर्षांनंतर हेच मिळणार होतं, तर मी रडत रडत राजीनामा लिहिला तरी कशाला, असं मला झालं.

ही पेशंट म्हणजे हिराबाई. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या. आयुष्यभर टोपली घेऊन मासळी विकलेली बाई. अर्धांगवायूनंतर उजवा हात आखडलेला, पाय ओढत चालणं, बोलणं मात्र शाबूत. रोज सून दर्शना त्यांना रिक्षाने घेऊन येई. मी ठरवलं, जाताजाता निदान हे एक काम चोख करायचं. मऊ चेंडू दाबायचा, खुंट्या भोकांत बसवायच्या, बोटं एकेक करून उघडायची. हिराबाई चेंडूकडे बघत आणि तो खाली सोडून देत. मी उचलून देई. त्या परत सोडत. तीन आठवडे हेच चाललं. ताई पलीकडच्या खोलीतून सगळं पाहत होत्या.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी माझा तोल सुटला. "मावशी, तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये का? मी तुमच्यासाठी एवढं करते!"

हिराबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरी, तुला माझा हात बरा करायचाय का तुझं मन?"

दर्शना ओशाळून म्हणाली, "मॅडम, मनावर घेऊ नका, त्या घरीपण अशाच करतात."

"तू गप गं," हिराबाई म्हणाल्या आणि अंगावरच्या मॅक्सीची चिमूट डाव्या हाताने धरून मला दाखवली. "ह्या गाऊनमधी बसवलंय मला. चाळीस वर्षं लुगडं नेसले मी. आता ही मला सकाळी बाहुलीसारखी कपडे घालते. दाराशी येऊन बसत नाय मी, बायका बघतील म्हणून. मला माझं लुगडं माझ्या हातानं नेसायचंय. चेंडू घेऊन काय करू? कोणाला मारू?"

त्यांच्या कागदावर 'रुग्णाची अपेक्षा' असा एक रकाना होता. त्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'दैनंदिन व्यवहारात स्वावलंबन'. मी त्यांना विचारलंच नव्हतं. तीन वर्षांत मी कुणालाच विचारलं नव्हतं. मला काय द्यायचंय, एवढंच मला माहीत होतं.

त्या गेल्यावर मी ताईंच्या खोलीत गेले.

"तुम्हाला माहीत होतं, त्यांना काय हवंय ते?"

"पहिल्याच दिवशी कळलं. गाऊन सारखा ओढत होती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला खूश करायला विचारलं असतंस. तुझं तुला कळायला हवं होतं."

ताईंचा प्रत्येक शिष्य अशा वाक्यावर पाया पडतो. माझं डोकं फिरलं. "ताई, मला कळावं म्हणून त्या बाईंचे तीन आठवडे गेले. लकव्यानंतरचे पहिले महिने किती मोलाचे असतात, हे तुम्हीच शिकवलंत ना? माझी शिकवणी त्यांच्या हातावर का?"

ताईंनी हातातलं पेन मिटून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन ट्रॉम्बेला गेल्या. घरात सुक्या बोंबलांचा वास, दर्शना गडबडून चहा टाकायला निघालेली. ताईंनी तिला थांबवलं, हिराबाईंसमोर बसल्या आणि हात जोडले. "माझी चूक झाली. तुम्हाला काय हवंय ते मला दिसत होतं. हिला शिकवायचं म्हणून मी गप्प बसले. तुमचे दिवस फुकट गेले. माफ करा."

सत्तरीच्या उंबरठ्यावरची, निम्म्या उपनगरात नाव असलेली बाई. मी मान खाली घातली. हिराबाई म्हणाल्या, "माफी ऱ्हाऊ दे. लुगडं आण गं, दर्शना."

त्याच दिवशी सुरुवात केली. पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं, निऱ्या कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायच्या, आखडलेल्या हाताने फक्त दाब द्यायचा, कासोटा डाव्या हाताने मागे खोचायचा. लुगडं टांगायची भिंतीवरची खुंटी फार उंच होती, ती दर्शनाच्या नवऱ्याने खाली ठोकून दिली. अनेकदा लुगडं सुटून पायांत आलं आणि हिराबाईंनी मला, ताईंना, खुंटीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. पाचव्या आठवड्यात, अर्धा तास लावून, कुणाचाही हात न लागता त्या नेसल्या. कासोटा वाकडा होता. त्या पाय ओढत दाराशी गेल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि समोरच्या बाईला हाक मारून पापलेटचा भाव विचारला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले.

राजीनाम्यावर तारीख मी कधी घातली नाही आणि ताईंनीही ती पुन्हा मागितली नाही. आणखी तीन वर्षं थांबले. पण त्या घरातली खुंटी पाहिल्यापासून मला कळून चुकलं होतं की माझं काम माणसांच्या घरात आहे, केंद्रातल्या आरशासमोर नाही. आज मी चेंबूर, देवनार, ट्रॉम्बे या भागांत घरोघरी जाते आणि आधी विचारते. निरोप घेताना ताई म्हणाल्या, "चांगलं चाललेलं सोडून चाललीस. मूर्ख आहेस." पुढच्या आठवड्यात त्यांनी घरी उपचार हवे असलेल्या अकरा जणांची यादी पाठवली. अर्धे पत्ते चुकीचे होते.

माझी आई कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा याच ताई दर रविवारी मुलुंडहून बस बदलत आमच्याकडे येत. आईचा व्यायाम घेत आणि मी केलेल्या आमटीत मीठ जास्त पडलं की तेही तिला सांगत. आई आजही विचारते, "त्या भांडखोर बाई कशा आहेत?"

कशा आहेत, ते सांगते. गेल्या महिन्यात ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा व्यायाम घेण्याचं काम माझ्यावर आलं. इतका खोटारडा पेशंट मी पाहिलेला नाही. "दहा वेळा केलं," त्या सांगतात, आणि आतून त्यांची धाकटी बहीण ओरडते, "दोनदा!" वॉकरवर टॉवेल वाळत असतात. परवा मी आवाज चढवला, तेव्हा खिडकीबाहेर बघत त्या हळूच म्हणाल्या, "दुखतं गं फार." इतक्या वर्षांत त्यांना काही दुखतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांची टाच तळहातावर घेतली आणि आम्ही दोघींनी मिळून मोजलं. सातव्याला त्यांनी मला दुष्ट म्हटलं. दहा झाल्यावर माझं मनगट धरलं, आणि सोडलं नाही.

कुंदाताई, तुम्हाला शंभर वर्षांचं ठणठणीत आयुष्य लाभो, असं या ग्रंथात लिहिणाऱ्या सगळ्यांच्या वतीने मनापासून म्हणते. त्यातलं ठणठणीत तेवढं तुमच्याही हातात आहे. गुडघा वाकवा.